नागपुरातून टपाल आणि पार्सल कसं पाठवायचं: शहरात नव्याने आलेल्यांसाठी

नागपुरात नवीन आलेल्या माणसाला महिनाभरातच काहीतरी पाठवायची वेळ येते. भाडेकराराची प्रत, जुन्या कंपनीचा लॅपटॉप, गावाकडे औषधं, नाहीतर घरच्यांचा हट्ट म्हणून संत्र्याची पेटी. मग तो चौकातल्या पहिल्या कुरिअरच्या काउंटरवर जातो, ‘पुण्याला किती?’ विचारतो आणि सांगतील तेवढे देऊन मोकळा होतो. माझा जुन्या पुस्तकांचा लहानसा धंदा आहे, त्यामुळे पोस्ट, कुरिअर, ट्रॅव्हल्स आणि ट्रान्सपोर्ट या चारही दारांत रोजचं येणं-जाणं असतं. नव्या माणसाला मी एवढंच सांगतो की दुकानाची पाटी बघून सेवा ठरवू नका. वस्तू ज्या गावी जायची, त्या गावात ती हातात कोण देणार, हे आधी विचारा. नागपूरहून माल निघायला अडत नाही, चारही दिशांच्या रेल्वे आणि रस्ते इथूनच जातात. अडतं ते पलीकडच्या टोकाला.

आधी पत्ता नीट करा

दराच्या आधी पत्ता, कारण उशिरा पोचलेल्या पाकिटांत अर्धी तरी पत्त्यापायी उशिरा पोचतात. नागपूरचे पत्ते ले-आऊटवर चालतात. गल्लीला नाव नसतं, घराला प्लॉट नंबर असतो, आणि एकाच नावाचं नगर शहराच्या दोन-तीन कोपऱ्यांत सापडतं. गजानन नगर म्हटलं की पोस्टमनकाका विचारणारच, ‘कोणतं?’ म्हणून ‘गजानन नगर, नागपूर’ हा पत्ता नाहीच समजा. प्लॉट नंबर, ले-आऊटचं किंवा सोसायटीचं नाव, जवळची ठळक खूण, मोठा रस्ता किंवा चौक, शहर, पिन आणि मोबाइल नंबर, या क्रमाने लिहा. खूण अशी द्या की जी उद्या बदलणार नाही. पाण्याची टाकी, शाळा, देऊळ चालेल. ‘पानठेल्यासमोर’ लिहू नका, ठेला उद्या उठतो.

पिनकोड आठवणीने नाही, बघून लिहा. सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृत कवी. पहिले दोन आकडे ४४ म्हणजे विदर्भ. नागपूर शहर ४४० ने सुरू होतं, सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओचा, म्हणजे शहराच्या मुख्य पोस्टाचा, पिन ४४०००१. पण ‘मी नागपुरात राहतो म्हणजे ४४०’ असं धरून चालू नका. हिंगणा, वानाडोंगरीकडच्या कॉलेजांत आलेल्या मुलांचा पिन ४४१११० असतो. कामठीही ४४१ मध्येच. बाहेरच्या बाजूला नवीन ले-आऊटमध्ये घर घेतलं असेल तर घरमालकाला न विचारता वीजबिलावरचा पिन बघा किंवा जवळच्या पोस्टात विचारा. पत्त्यात एक भाग आणि पिन दुसऱ्याच भागाचा असला की पाकीट आधी पिनच्या पोस्टात जातं, तिथून फिरून येतं. दोन-तीन दिवस तिथेच जातात.

पोस्ट खात्याने मे २०२५ मध्ये डिजिपिन नावाचा प्रकारही आणला आहे. देशाच्या नकाशावर साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिलाय. नव्या ले-आऊटवाल्यांनी आपला डिजिपिन काढून ठेवायला हरकत नाही, पण तो पत्त्याच्या जोडीला लिहा, पत्त्याच्या जागी नको.

कागदपत्रं: स्पीड पोस्टचा हिशेब समजून घ्या

घरी अजून कोणी ‘रजिस्टर एडी कर’ म्हणत असेल तर त्यांना सांगा की ते दुकान बंद झालं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आता पाकीट स्पीड पोस्टानेच जातं आणि ‘रजिस्ट्रेशन’ ही त्यावरची जादा सुविधा आहे. त्यानंतर महिन्याभरात, १ ऑक्टोबर २०२५ ला, स्पीड पोस्टचे दरही बदलले. त्याआधीचे दर २०१२ पासून तसेच होते.

कागदपत्रांचे सध्याचे दर असे:

५० ग्रॅमपर्यंत: शहरातल्या शहरात १९ रुपये, बाहेर देशभर कुठेही ४७ रुपये.

५१ ते २५० ग्रॅम: शहरात २४ रुपये, २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० पर्यंत ६३, १००० पर्यंत ६८, २००० पर्यंत ७२, त्यापुढे ७७.

२५१ ते ५०० ग्रॅम: शहरात २८, मग त्याच अंतरांना ७०, ७५, ८२, ८६ आणि ९३.

या सगळ्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे अमरावतीला दीड-दोनशे ग्रॅमचं पाकीट ६९ रुपये ६२ पैशांना पडतं आणि तेच पुण्या-मुंबईला ८० रुपये २४ पैशांना. ५० ग्रॅमच्या आत बसवलं तर दोन्हीकडे ५५ रुपये ४६ पैसे. ए-फोरचा साधा कागद साधारण ५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे सात-आठ पानं आणि हलकं पाकीट पहिल्या टप्प्यात बसतं. जाड प्लास्टिक फोल्डर घातला की लगेच पुढचा टप्पा लागतो. काउंटरवर काटा असतोच, पाकीट चिकटवायच्या आधी वजन करून घ्या आणि फोल्डर काढून टाका.

शहरातल्या शहरातला दर मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कर धरून २२ रुपये ४२ पैशांत, ट्रॅकिंगसकट, मानेवाड्याहून सदरला कागद जातो. एवढ्याला ऑटोसुद्धा चौकापुढे जाणार नाही. घरमालकाला नोटीस, सोसायटीला अर्ज, बँकेला पत्र, ज्याचा पुरावा हाताशी हवा असं सगळं यातून पाठवा.

पुराव्याचा विषय आलाच आहे तर दोन जादा सुविधा ओळखून ठेवा, दोन्ही पाच-पाच रुपयांच्या, अधिक कर. रजिस्ट्रेशन घेतलं तर पाकीट ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्या, हातात सही घेऊन देतात. ओटीपी घेतला तर घेणाऱ्याच्या मोबाइलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय देत नाहीत. वकिलाची नोटीस, मूळ गुणपत्रिका, चेकबुक अशा वस्तूंना रजिस्ट्रेशन घ्याच. ओटीपी मात्र विचार करून घ्या. समोर आजी-आजोबा असतील आणि फोन मुलाकडे पुण्यात असेल, तर ती सोय राहत नाही, अडथळा होतो.

विद्यार्थ्यांना स्पीड पोस्टावर १० टक्के सवलत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा आणि स्वतःहून मागा. रांगेत कोणी आठवण करून देत नाही.

साधं टपालही अजून जिवंत आहे. २० ग्रॅमपर्यंतचं पत्र ५ रुपयांत, अंतर्देशीय अडीच रुपयांत आणि पोस्टकार्ड ५० पैशांत जातं. त्याला क्रमांक नाही, मागोवा नाही, न पोचल्याची दादही नाही. आमंत्रणपत्रिका, शुभेच्छा, ज्याची दुसरी प्रत काढता येते असा कागद, एवढ्यापुरतं ठीक. राखीसाठी पोस्टात न भिजणारी खास पाकिटं मिळतात. ती घ्या, पण साध्या टपालात टाकायची असतील तर सणाच्या किमान दहा-बारा दिवस आधी. श्रावणात पाऊस आणि राख्यांचा ढीग एकदमच येतो.

जीपीओला जायचं की जवळच्या पोस्टात?

पाकीट असेल तर जवळच्याच पोस्टात जा. जीपीओचं नाव मोठं, इमारत देखणी, पण न्यायालयं आणि सरकारी कचेऱ्या आसपास असल्यामुळे कामाच्या दिवशी दुपारी तिथे नोटिशींचे गठ्ठे घेऊन लोक उभे असतात. तुमच्या एका पाकिटाच्या पुढे कोणाची चाळीस पाकिटं असतील, सांगता येत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की विधानभवनाच्या बाजूचे रस्ते अडवलेले असतात, तेव्हा जीपीओ चौकात गाडी घेऊन जाण्याचा विचारही करू नका. मोठं पार्सल, परदेशी पार्सल किंवा विमा करायचा असेल तर मात्र मोठं पोस्टच बरं. छोट्या पोस्टात कधी काटा लहान, कधी माणूस एकटा.

पोचायची वेळही महत्त्वाची. प्रत्येक पोस्टातून आणि कुरिअरच्या दुकानातून दिवसाची पिशवी ठरलेल्या वेळी उचलली जाते. त्यानंतर दिलेली वस्तू पावतीवर आजची दिसते, पण रात्रभर तिथेच पडून असते. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न ‘किती होतील?’ हा नको, ‘आजची गाडी निघाली का?’ हा विचारा. निघाली असेल आणि घाई नसेल तर सकाळी या. पोस्टात आता क्यूआर कोडवर पैसे देता येतात, तरी संगणक अडला तर म्हणून थोडे सुटे जवळ असू द्या.

पुस्तकं वेगळ्या वाटेने पाठवा

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं जास्त लिहितो. छापील पुस्तकांसाठी पोस्टाची जी जुनी स्वस्त सोय होती ती डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकली आणि पुस्तकवाले, छोटे प्रकाशक, अंक काढणारे सगळेच हवालदिल झाले. पन्नास रुपयांच्या पुस्तकाला पुस्तकाएवढंच टपाल लागायला लागलं. नंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत वाढत जाऊन १०० रुपये, अधिक कर. ट्रॅकिंग मिळतं. जातं मात्र जमिनीवरून, म्हणजे सावकाश.

यात शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं. जाहिरातींचे कॅटलॉग, नियतकालिकं चालत नाहीत, आणि पुस्तकांच्या मधे चिवड्याचं पाकीट तर नाहीच. तपासणीत दुसरं काही निघालं तर सवलत जाते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येऊन पुस्तकांचे गठ्ठे घेणाऱ्यांना आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं गावातल्या भावाला पाठवणाऱ्या मुलांना याच्याइतकी स्वस्त वाट दुसरी नाही. काउंटरवर ‘पार्सल करू का?’ असं विचारलं तर ‘ज्ञान पोस्ट’ असं नाव घेऊन सांगा. न सांगता ते लावलं जाईल या भरवशावर राहू नका.

पार्सल: काट्यापेक्षा खोका महाग पडतो

पार्सलला दोन वजनं असतात. एक काट्यावरचं. दुसरं आकारमानाचं: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. समजा ४० बाय ३० बाय २५ चा खोका आहे आणि आत दोन किलोची रजई. गुणाकार ३०,०००, भागाकार ६. तुम्ही दोन किलो पाठवताय आणि पैसे सहा किलोचे देताय. रजई दाबून गोणपाटात किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत शिवली तर तेच पार्सल निम्म्यावर येतं. किराणा दुकानातून फुकट मिळालेला मोठा खोका म्हणूनच महागात पडतो.

कुरिअरमध्ये वजनाचा टप्पा बहुतेक अर्ध्या अर्ध्या किलोचा असतो. ५१० ग्रॅम म्हणजे एक किलो. घरच्या काट्यावर ४९० च्या आत बसवता आलं तर बसवा. शिवाय सांगितलेल्या दरात इंधन अधिभार आणि जीएसटी धरलाय का, हे विचारून घ्या. ‘एकशे वीस’ असं सांगून पावती एकशे साठची होते ती तिथेच.

आता त्या पलीकडच्या टोकाकडे येऊ. ब्लू डार्ट, डीटीडीसी, डेल्हिवरी, ट्रॅकॉन अशी बरीच नावं नागपुरात आहेत, पण तुम्ही ज्या काउंटरवर उभे असता ती बहुधा एक एजन्सी असते, आणि तिथल्या मुलाला पुढचं सगळं ठाऊक असतंच असं नाही. त्याला पलीकडचा पिन द्या आणि तीन गोष्टी विचारा. या पिनला तुमची स्वतःची माणसं देतात की दुसऱ्याकडे सोपवता? घरपोच आहे की ऑफिसातून न्यायचं? आणि ओडीए आहे का? ओडीए म्हणजे त्यांच्या वाटप क्षेत्राबाहेरचं गाव, तिथे जादा पैसे लागतात, किंवा पैसे घेऊनही तालुक्याला ठेवून फोन करतात, ‘येऊन घेऊन जा’.

पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरूला कुरिअर चांगलं चालतं आणि बऱ्याचदा पोस्टापेक्षा लवकर पोचतं. पण तुमचं घर भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धारणी, चिखलदऱ्याकडे असेल तर मी डोळे मिटून पोस्ट सांगेन. तिथल्या शाखा डाकघराचा ग्रामीण डाक सेवक गावातला असतो, त्याला घर नाही तर निदान घराणं माहीत असतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडला कोणीच पोचत नाही, तेव्हा जून ते सप्टेंबरात औषधांसारख्या वस्तू आठवडाभर आधी काढा.

किंमती वस्तूला विमा करा. नियमाने स्पीड पोस्ट हरवलं किंवा फुटलं तर भरपाई शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे ८० रुपयांच्या पाकिटात वीस हजारांचा फोन गेला तर हातात १६० रुपये येतात. कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत अशीच मर्यादा छापलेली असते, ती वाचा. रोख रक्कम कुठल्याच पाकिटात घालू नका. पॉवर बँक, सुटी बॅटरी, अत्तर, सॅनिटायझर, फटाके, लायटर, यांना विमानाने जाणाऱ्या पाकिटात जागा नाही. तेलाच्या लोणच्याची बरणी नियमांत बसवली तरी नशिबात बसत नाही. ती ट्रॅव्हल्सने पाठवा.

ट्रॅव्हल्स, एसटी, रेल्वे आणि ट्रान्सपोर्ट

संध्याकाळी बैद्यनाथ चौक, गणेशपेठच्या बाजूला गेलात तर पुण्याच्या, हैदराबादच्या ट्रॅव्हल्सच्या पोटात माणसांच्या बॅगांबरोबर खोकी भरली जाताना दिसतील. रात्री दिलं, सकाळी पुण्यात. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून तिकडच्या गाड्या आणखी लवकर पोचतात. लोणचं, विसरलेला चार्जर, कपडे, संत्री, यांना हीच सेवा उत्तम. पण ही वाट ओळखीवर चालते. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून पावती घ्या, नुसतं क्लीनरच्या हातात देऊ नका. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल आणि उतरवायचा थांबा लिहून घ्या, आणि घेणाऱ्याला गाडीच्या आधी तिथे उभं करा. पुण्यात पहाटे गाडी कोणासाठी थांबत नाही. मूळ कागदपत्रं, दागिने, लॅपटॉप यातून नको. मागे पडलं तर दाद कुठे मागणार?

पावतीसकट हवं असेल तर एसटीची पार्सल सेवा आहे, गणेशपेठच्या मुख्य बसस्थानकावर चौकशी करा. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांना ती सोयीची, फक्त पलीकडच्या डेपोत जाऊन सोडवून घ्यायला माणूस हवा.

दुचाकी आणायची किंवा पाठवायची असेल तर रेल्वे. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसला जाताना गाडीची आरसी, आधार, दोन्हींच्या झेरॉक्स आणि विम्याची प्रत न्या. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. पॅकिंग करणारे बाहेरच असतात: हँडल, टाकी आणि दिव्यांना गवत किंवा फोम लावून वर बारदान शिवतात. आधी दोघांना भाव विचारा, टाकी आणि आरसे तुमच्या समोर गुंडाळून घ्या, आरसे शक्यतो काढून घरी न्या. बारदानावर दोन ठिकाणी जाड मार्करने कुठून-कुठे आणि मोबाइल नंबर लिहा. स्वतःचं त्याच गाडीचं तिकीट असेल तर ‘लगेज’ म्हणून बुक होते, नसेल तर ‘पार्सल’ म्हणून, आणि दोन्हींचे दर वेगळे. ती तुमच्याच गाडीत चढेल याची खात्री धरू नका, डब्यात जागा असेल त्यावर ते असतं. पोचल्यावर मात्र तातडीने सोडवा. मोफत मुदत संपली की वार्फेजचं, म्हणजे माल पडून राहिल्याच्या भाड्याचं, मीटर सुरू होतं.

घरभर सामान असेल, म्हणजे कपाट, पलंग, पुस्तकांची दहा पोती, तर इतवारी, गांधीबाग, लकडगंजकडची ट्रान्सपोर्टची गोदामं गाठा. इथली भाषा वेगळी आहे. पावतीला बिल्टी म्हणतात. ‘पेड’ म्हणजे भाडं तुम्ही इथे भरलं, ‘टू-पे’ म्हणजे घेणारा तिकडे भरणार. बहुतेक भाव गोदाम ते गोदाम असतो, हमाली आणि घरपोच वेगळी. बिल्टीवर नगांची संख्या आणि प्रत्येक नग कसला हे लिहून घ्या, आणि प्रत्येक पोत्यावर १/१०, २/१० असे आकडे टाका. राज्याबाहेर ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीची मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, लागतं, पण वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘वापरलेलं घरगुती सामान’ असं स्पष्ट लिहा.

शहरातल्या शहरात तासाभरात पोचवायचं असेल तर पोर्टर, रॅपिडोसारखी ॲप आहेत. किल्ली, डबा, फाईल यांना ठीक.

बांधणी

मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो आणि कुरिअरच्या टेम्पोतली हवा त्याहून तापते. साधी सेलोटेप सुटते, चॉकलेट पातळ होतं, मेणबत्तीचा आकार जातो. रुंद ब्राऊन टेप सगळ्या जोडांवर दोनदा फिरवा. पत्ता पेनाने नाही, बॉलपेननेही नाही, मार्करने लिहा आणि वर पारदर्शक टेप लावा, कारण पुढे पावसाळा आहे. आतही एक चिठ्ठी ठेवा, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता-मोबाइल लिहून. वरचं लेबल निघालं तर तेवढाच आधार. खोका हलवून बघा, आत आवाज येत असेल तर अजून रद्दी कोंबा.

संत्री पाठवायची तर अर्धी कच्ची, देठासकट घ्या. पुठ्ठ्याच्या पेटीला चारही बाजूंनी भोकं पाडा, थरांच्या मध्ये कागद घाला, आणि पेटी पूर्ण भरा. अर्धी पेटी म्हणजे आत संत्र्यांची मारामारी. कुरिअरने पाठवू नका. शनिवारी गोदामात अडकली तर सोमवारी वासावरून ओळखू येते.

निघालं, आता लक्ष ठेवा

पावतीचा फोटो तिथेच काढा. पावतीची शाई उन्हात महिनाभरात उडते. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा खुणांचा असतो: आधी दोन रोमन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी भारताची दोन अक्षरं. हा क्रमांक घेणाऱ्यालाही पाठवून ठेवा, म्हणजे तिकडून तोच पाठपुरावा करेल.

ट्रॅकिंगवर ‘बॅग डिस्पॅच’ दिसतं म्हणजे निघालं. एकाच ठिकाणी दोन दिवस दिसलं तर घाबरू नका, तीन-चार दिवस दिसलं तर हालचाल करा. ‘दार बंद’ अशी नोंद आली आणि घरात माणूस होता, असं बऱ्याचदा होतं. त्या वेळी वाद घालण्यात अर्थ नाही. घेणाऱ्याने त्याच दिवशी आपल्या वाटपाच्या पोस्टात जावं, ओळखपत्र दाखवावं आणि घेऊन यावं. पोस्टात अशी वस्तू साधारण सात दिवस ठेवतात, मग परत फिरते. पत्रं आणि मोठी पार्सलं नेहमी एकाच पोस्टातून वाटली जात नाहीत, पार्सलची गाडी वेगळ्या केंद्रातून येते. म्हणून जाण्याआधी ट्रॅकिंगवर कुठल्या ऑफिसचं नाव आहे ते बघा.

तक्रारीचा क्रम असा ठेवा: आधी वाटपाचं पोस्ट, कारण काम तिथेच होतं. मग पोस्टाचा टोल फ्री क्रमांक १८००-२६६-६८६८ किंवा संकेतस्थळ, तक्रार क्रमांक लिहून घ्या. तरी हललं नाही तर केंद्र सरकारचं तक्रार निवारण पोर्टल, सीपीग्राम्स. तिथे नोंद झाली की कोणीतरी लेखी उत्तर देतंच. खासगी कुरिअरसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि रक्कम मोठी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. पोस्टाचं तसं नाही. पोस्ट कार्यालय कायदा, २०२३ प्रमाणे ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे खात्यावर दायित्व येत नाही, म्हणून तिथे विमा आधी करायचा असतो, भांडण नंतर नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या पार्सलचं

नव्या घरी आल्यावर एकदा पोस्टमनला भेटा, नाव आणि फोन सांगा. नावाची पाटी लावा, भाड्याचं घर असलं तरी. पीजीत राहत असाल तर पत्त्यात घरमालकाचं नाव ‘द्वारा’ म्हणून टाका, बीटवरचा माणूस तुम्हाला नाही, काकूंना ओळखतो. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार घर बंद करून झोपायची पद्धत आहे आणि वाटपाची वेळही बहुधा तीच, तेव्हा बेल चालू आहे ना ते बघा.

फुटलेलं, ओलं किंवा दुसऱ्यांदा टेप मारलेलं पार्सल आलं तर सही करायच्या आधी फोटो काढा आणि पावतीवर तसा शेरा लिहा. महाग वस्तू असेल तर उघडताना सलग व्हिडिओ घ्या.

‘तुमचं पार्सल अडलं आहे, पत्ता अपूर्ण आहे, या लिंकवर पाच रुपये भरा’ असा मेसेज पोस्टाच्या नावाने आला तर लिंक उघडू नका. पाच रुपये निमित्त असतात, त्यांना कार्डाचे तपशील हवे असतात. आणि ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, पोलिसांशी बोला, कॅमेरा चालू ठेवा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकार कायद्यात नाही. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. बँक पुढच्या खात्यात रक्कम सरकायच्या आत अडवू शकते ती तेवढ्याच वेळात.

घर बदलताना जुन्या भागाच्या पोस्टात पत्ता बदलल्याचा साधा अर्ज द्या, नव्या पत्त्यावर टपाल वळवून देतात. खरेदीच्या ॲपमधला जुना पत्ता त्याच दिवशी काढून टाका, आणि बँक, आधार, पॅन, विमा यांच्याकडचे पत्ते एकेक करून बदला. एटीएम कार्ड आणि पासपोर्ट हे दोन अर्ज मात्र घर बदलायच्या महिन्यात करूच नका.